इतिवृत्तात न आलेलं

सभा साडेअकराची, सुरू झाली सव्वाबाराला.
उपस्थिती त्र्याऐंशी. सह्या एकोणऐंशी,
चौघं भजीच्या वासावर बाहेर गेले ते गेलेच.
विषय क्रमांक एक : रत्नागिरी स्थानकाचा
पुनर्विकास व विस्तार. हरकती, सूचना.

पडद्यावर उमटलं ते स्टेशन काचेचं.
वर लाटेसारखं छप्पर, कुंड्यांत ताडाची झाडं,
आणि पांढऱ्या कपड्यांतली उंच माणसं,
सावली न पाडता चालणारी.
दाखवणारा मुलगा चांगला होता, घामेजलेला.
"ही लाट म्हणजे तुमचा समुद्र," म्हणाला.
मागून कुणीतरी : "छपरावर लाट? म्हंजे पानी आतच की."
हशा.
हशा लिहायचा नसतो.

हमिदा होडेकर मिरकरवाड्याहून आलेल्या.
"पार्सलची जागा दाखव, बाबा.
पापलेटचे खोके पहाटे चढतात, बर्फ वितळतो,
तुझ्या या गुळगुळीत लाद्यांवर
आधी मी पडेन, मागनं टीसी."
मी लिहिलं : मत्स्य वाहतुकीबाबत सूचना प्राप्त.

मग नागवेकर, कापडवाले, उठले. आवाज चढवला नाही.
"इतकी वर्षं पत्र्याखाली उभे आहोत.
सुनेच्या माहेरची माणसं उतरली की
मी आधी त्यांचं सामान उचलतो, म्हणजे वर बघायला नको.
येऊ दे काच. पुसू आपण."
टाळ्या पडल्या. लिहीत नसते तर मीही वाजवल्या असत्या.
मला लिफ्ट हवी आहे.
गेल्या मे महिन्यात आईला खुर्चीत बसवून
चौघांनी खाली फलाटावर नेली,
मागून मी, तिची एक चप्पल हातात धरून.
दुसरी कुठे पडली कळलंच नाही.
पण मी हरकतदार नव्हे, लेखनिक.

शेवटी गोताड. निवृत्त गस्तवाला.
पावसाळ्यात रात्रभर रुळावरून चालायचा,
बत्ती घेऊन, दरड आलीय का बघत.
"आमची खोली कुठाय ह्याच्यात?"
मुलाने नकाशा मोठा केला, अजून मोठा.
"इथे आता बहुउद्देशीय दालन."
"त्यात काय व्हनार?"
"काहीही होऊ शकतं, काका."
"मग भिजल्याले कपडे वाळत घालू?"
उत्तर नाही. "आनि रूळ? दुसरा?"
"रूळ या टप्प्यात नाहीत."
"म्हंजे उंबरा रुंद, पायवाट तीच."
बसला. पुन्हा उठला, जणू काही विसरला होता.
"त्या चित्रातल्या येकाच्याबी हातात पिशवी नाय."

सगळ्यांनी पाहिलं. मुलानेही, मला वाटतं पहिल्यांदाच.
गोणी नाही, फणस नाही, तांदळाचं गाठोडं नाही,
कडेवर पोरसुद्धा नाही.
"ही मानसं आली कुटनं?"
"नमुन्यादाखल आहेत," मुलगा हळू बोलला.
पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

चर्चेअंती प्रकल्पाचे स्वागत करण्यात आले.
सूचना विचारार्थ ठेवण्यात आल्या.
आभार. चहा.

संध्याकाळी मला स्टेशनला जावं लागलं,
तो पेनड्राइव्ह आमच्या टेबलावर विसरला होता.
फलाटाच्या टोकाला, खांबाला टेकून उभा.
एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात
सुतळीने बांधलेली आमसुलांची पिशवी,
बोटांत सुतळी रुतलेली.
"कोणी दिली?"
"नाव नाही सांगितलं. खाली ठेवू नको म्हणाले, ओल लागते."
गाडी निवसरला क्रॉसिंगला थांबलेली.
किती वेळ, कोण जाणे.
पिशवी थोडा वेळ मी धरली.
त्याने बोटं झाडली, छपराकडे पाहिलं,
पत्र्याला पडलेल्या भोकाकडे, तिथून येणाऱ्या
रुपयाएवढ्या उजेडाकडे.
काही बोलला नाही.

परतताना पायऱ्या मोजल्या मी, चढताना.
आकडा इथे देत नाही.
पुढच्या सभेत कुणीतरी विचारील.